एकोणीस नावांची नदी

मोठ्या तलावाचं पूर्व टोक, दुकानाच्या पायरीवरून
११ जून १९६८

बोनिफासकाका,

पोचले. विमानवाला ड्यूगल उद्या आम्हाला नदीच्या उगमाशी सोडेल आणि वस्तीवर परतताना हे पत्र तुम्हाला देईल. गुडघ्याची चौकशी करत नाही. ज्या गुडघ्यापायी तुम्ही हे काम नाकारलंत, त्याच गुडघ्यावर परवा ढोलाच्या नाचात तीन फेरे धरलेत, असं आंजेल म्हातारी गावभर सांगत होती.

माणसं सांगते. मास्तर ऑल्डन प्रुइट दक्षिणेत भूगोल शिकवतात, मोहीम त्यांची. त्यांची बायको इडिथ दिवसभर प्रश्न विचारते आणि उत्तरं वहीत लिहून घेते. मला आवडली. तिसरा कलन, दातांचा डॉक्टर, मास्तरांचा मित्र. जाडा आहे, हसरा आहे, पण त्याचे बूट बघून मला काळजी वाटते. चार माणसं, दोन होड्या, समुद्रापर्यंत अडीच महिने. सरकारी नकाशात नदीचा मधला भाग तुटक रेघांनी काढलाय. मास्तर म्हणाले, "म्हणजे तिथे कोणी गेलेलं नाही." मी म्हटलं, "माझे काका तीस वर्षं हा मुलूख दाखवतायत." ते लगेच "हो हो, अर्थात" म्हणाले.

त्यांचा सगळा भरवसा तुमच्या एकोणीस नावांवर आहे, काका. म्हणजे माझ्या डोक्यावर. रोज सकाळी चहाबरोबर म्हणून बघते. घळीजवळची तर ओठांवरच आहेत: ओझं घेतलेली बाई, मग कावळ्याची चूल, मग डाव्या हाताला पायवाट, मग घळ. घळीत एकदा होडी शिरली की दोन्हीकडे उभे कडे, उतरायला जागा नाही, आणि पुढे पाणी खाली कोसळतं. म्हणून ती पायवाट सापडलीच पाहिजे. हे ऐकून कलन म्हणाला, "डावा हात कुठला ते मला लिहून द्या."

एक विचारायचं राहिलं. ती ओझं घेतलेली बाई कोण होती?

तुमची,
फिलोमेन

*

वस्ती, २० जून

पोरी,

पाद्र्यांनी आपल्या बोलीसाठी काढलेली ही त्रिकोणी अक्षरं तू अजून विसरली नाहीस, बरं वाटलं. तुझ्या शाळेची अक्षरं मला येत नाहीत आणि आता शिकणार नाही. ड्यूगल जुलैच्या सुरुवातीला तुमचं सामान टाकायला येईल, त्याच्याकडे हे देतोय.

बाई कोण होती? बाई होती, पाठीवर ओझं होतं, टेकडीला नाव पडलं. दिसेल तेव्हा कळेल. आंजेल जशी दुसऱ्यांच्या घरातली भांडणं ओळखते तशी मी ती नदी ओळखतो. गुडघा खरंच दुखतो. नाचताना दुखत नाही, याला मी काय करू?

तू आता मोठी आहेस, तुला हे कर ते कर म्हणणं शोभत नाही. फक्त एक सांगतो. माझ्या ओळखीचा एक माणूस मोठं पाणी ओलांडण्याआधी पाण्याला चिमूटभर तंबाखू देत नसे. घाई असायची त्याला. पुढे त्याचं काय झालं ते आता सांगत बसत नाही.

कुत्रे ठीक आहेत. तुझी पांढरी कुत्री व्याली, पाच झाली. मासे भरपूर आलेत, वाळवणाचे दांडे कमी पडतायत. तुझी काकू असती तर मला उभं राहू दिलं नसतं, "तिकडे जाऊन गप्पा मारा, माशांची वाट लावू नका," म्हणाली असती.

बोनिफास

*

झाडं संपतात तो तलाव
४ जुलै

काका,

तुमचं पत्र आज मिळालं. तंबाखू देते, रोज देते. कलनही देतो आता. पहिल्या मोठ्या तलावावर वाऱ्याने आम्हाला पाच दिवस एका खडकावर बसवून ठेवलं, तेव्हापासून.

खरं सांगू? कठीण आहे. सव्वीस जूनपर्यंत दोन तलावांवर बर्फ होतं, आणि तेही कुजकं. होडीच्या कडा दोन्ही हातांनी धरून चालायचं, म्हणजे पायाखालचं फुटलं तर होडीत पडता येतं. मास्तर दोनदा पडले. बर्फ गेलं आणि माश्या आल्या. इडिथचे डोळे सुजून बंद झाले, तरी ती मला विचारते, "फिलोमेन, तुमच्या भाषेत या माशीला काय म्हणतात?" मी सांगितलं, पण दुसऱ्यांदा सांगताना जरा सभ्य नाव सांगितलं. होड्या आणि गोण्या पाठीवर घेऊन सात वेळा चाललो. ओझ्याच्या कपाळपट्टीने माझ्या कपाळाची सालं निघालीत. कलनच्या बुटांत पाणी शिरून तळव्यांची कातडी सुटायला लागली आहे. एका धारेत मास्तरांची होडी उलटली आणि पिठाची मोठी गोणी भिजली. वरचा थर कडक झाला, आतलं वापरतोय. कॅरिबू हरीण अजून एकही दिसलेलं नाही. मासे मिळतात, पण ओझं उचलणाऱ्याला नुसत्या माशांनी होत नाही.

आता नावांचं. पहिली अकरा बरोबर लागली. चिंचोळी जागा, दोन बेटं, माशांचा डोह, सगळं तुम्ही सांगितलं त्याच क्रमाने. मास्तर प्रत्येक वेळी टोपी काढून म्हणतात, "तुझ्या काकांना सलाम." पण बारावं आणि तेरावं दिसलंच नाही. "बसलेला कुत्रा" असावा अशी जागा आली, तिथे गोल दगडांचा ढीग होता. कुत्रा नाही, शेळी नाही, काही नाही.

मला आणखी एक गोष्ट चैन पडू देत नाही. तुमची पुढची नावं बघा: "पाय दुखले तो माळ." "रडू नको म्हणाली तो खडक." आपले पुरुष अशी नावं ठेवतात का हो? ते ठेवतात: इथे मी तीन मारले, इथे मी एकट्याने पाच मारले. इडिथने विचारलं, ही नावं कोणी दिली? मी म्हटलं, काकांना विचारते.

म्हणून विचारते. तुम्ही हे सगळं स्वतः पाहिलंय ना? बसलेला कुत्रा कोणत्या बाजूने बसलेला दिसतो? विमान पुन्हा दोन ऑगस्टला येणार, घळीच्या पलीकडच्या तलावावर. तोपर्यंत तुमचं उत्तर मिळायचं नाही, हे कळतं मला. तरी विचारून ठेवलं.

फिलोमेन

*

वस्ती, ९ जुलै

पोरी,

हे पत्र तुला घळ ओलांडल्यावर मिळेल, किंवा मिळणार नाही. लिहितोय, कारण लिहिल्याशिवाय बसवत नाही.

मी ती नदी पाहिलेली नाही. झाडं संपतात त्या तलावापर्यंत गेलोय, सात-आठ वेळा, साहेब लोकांना मासे धरायला विमानाने घेऊन. पुढे कधीच नाही. एकोणीस नावं तुझ्या मार्सेलिनकाकूची आहेत.

तापाच्या साली ती नऊ वर्षांची होती. घरची माणसं उघड्या मुलखात शिकारीला गेली होती, तिथेच ताप आला. परतीला आजी, ती आणि तीन कुत्रे एवढेच उरले होते. कुत्र्यांच्या पाठीवर सामान, आणि दोघी चालत. आजीने वाटेत प्रत्येक जागेला नाव दिलं, काही जुनी होती, काही तिथेच ठेवली. पोरीचं मन रमावं म्हणून. मार्सेलिन मासे चिरताना ती नावं म्हणायची. मी ऐकून घेतली, क्रम उलटा केला, कारण लोकांना इथून तिकडे जायचं असतं, आणि चारचौघांत माझी म्हणून सांगितली. ज्याच्याकडून गोष्ट घ्यायची त्याच्या हातात काहीतरी ठेवायचं असतं, तंबाखू, मोजे, निदान चहा. मी तिला कधी काही दिलं नाही. बायकोला काय द्यायचं, असं वाटायचं.

तुझं पत्र ड्यूगलने सहा तारखेला आणून दिलं. वाचून हसलो. मग काल वाळवणाच्या दांड्याशी मासा चिरत होतो आणि ती डोळ्यांपुढे आली, सुरी हातात धरलेली. "पायवाट," म्हणायची आणि डावा हात उचलायची. पोरी, ती घरी येत होती. येणाऱ्याचा डावा हात. मी नावांचा क्रम उलटा केला, हात उलटा करायचा राहिला. कुत्राही तिकडून येणाऱ्यालाच बसलेला दिसत असणार.

सुरी तिथेच टाकून दुकानात गेलो. रेडिओवरून ड्यूगलला गाठायचा प्रयत्न केला, तो पश्चिमेला जंगलाची आग विझवणाऱ्यांकडे गेलाय, महिनाअखेरपर्यंत सुटणार नाही. दुसरं विमान नाही. दुकानदाराने विचारलं, "एवढी काय घाई आहे, बोनिफास?" तिथे आठ माणसं बसली होती, आंजेलसुद्धा. मी सगळं सांगितलं. मी कधी गेलो नाही, नावं माझी नाहीत, आणि पोरीला चुकीचा हात सांगितला. कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. आंजेल उठली, माझ्यासाठी चहा ओतला आणि पुन्हा जागेवर जाऊन बसली.

तू विचारलंस, स्वतः पाहिलंय ना. त्यावरून मला वाटतं तुला काहीतरी कळत होतं. हे एवढंच धरून बसलोय.

बोनिफास

*

घळीपलीकडचा तलाव
२ ऑगस्ट

काका,

आम्ही चौघं सुखरूप आहोत. विमानाची वाट बघत बसलोय, तोवर लिहिते.

तुमची पायवाट सापडली. शोधायला जरा वेळ लागला, पण तो माझा गोंधळ. डावं-उजवं मी लहानपणापासून घोळते, शाळेतल्या बाई त्यावरून मला ओरडायच्या. तुम्ही बहुतेक उजवा हात म्हणाला होतात आणि मी डावा लक्षात ठेवला. मास्तरांनाही मी तेच सांगितलंय. बाकी सगळं तुमच्या सांगण्याप्रमाणे होतं. कॅरिबू भेटले, पोटभर खाल्लं. कलनचे पाय बरे होतायत.

त्याच दिवशी, दुपारी

विमान आलं. तुमचं पत्र वाचलं, दोनदा. आता वरचं सगळं खोटं आहे, म्हणून खरं लिहिते. कलनचे पाय मात्र खरंच बरे होतायत.

एकवीस जुलैला घळीचा आवाज ऐकू आला. वळणाच्या वर काठाच्या एका आडोशाला तंबू ठोकला आणि डावा काठ शोधायला लागलो. दोन दिवस. नुसता खडक, त्यावर शेवाळ, पाऊल ठेवायला जागा नाही. पीठ संपलं होतं. तिसऱ्या दिवशी मास्तर म्हणाले, "पायवाट वळणापलीकडे असेल. डाव्या कड्याला चिकटून होडी हळूहळू पुढे नेऊ." मला भीती वाटत होती, पण दुसरं काही सुचत नव्हतं. जेवणाची भांडी घेऊन पाण्यावर गेले, वाळूने घासायला बसले. बसले ती ज्या वाटेने आलो तिकडे तोंड करून. मान वर केली आणि बाई दिसली.

काका, ती इतकी स्पष्ट होती की मला हसू आलं. तीन दिवसांपूर्वी त्याच टेकडीला वळसा घालून आलो होतो, तेव्हा ती नुसती टेकडी होती. आता कंबरेत वाकलेली, कपाळाला पट्टी, पाठीवर भलंमोठं ओझं. माझ्या मनात पहिला प्रश्न आला तो हा, की ही दिसणार कोणाला? आपल्याला नाही, आपली पाठ तिकडे. ती दिसते घरी जाणाऱ्याला. मग "पाय दुखले" आठवलं. शिकारीला निघालेल्याचे पाय पहिल्या आठवड्यात दुखत नाहीत आणि दुखले तरी तो सांगत नाही. परत येणाऱ्याचे दुखतात. आणि परत येणाऱ्याचा डावा हात म्हणजे माझा उजवा.

धावत वर आले. म्हटलं, "पायवाट समोरच्या काठाला आहे."

मास्तर म्हणाले, "तुझे काका डावीकडे म्हणाले होते."

"हो."

"तीस वर्षं वाट दाखवणारा माणूस चुकला, असं म्हणतेस तू?"

ते शब्द माझ्या तोंडून निघेनात, काका. परक्या माणसांपुढे तुम्हाला खोटं पाडायचं?  घळीचा आवाज येत होता आणि मी खुळ्यासारखी भांडं धरून उभी. शेवटी म्हटलं, "काका चुकले नाहीत. मी चुकीचं पाठ केलं."

"मग आताचं तरी बरोबर कशावरून?"

तेव्हा इडिथ उठली, माझा हात धरून म्हणाली, "तू खाली बसून काय पाहिलंस ते मला दाखव." तिला पाण्याकाठी बसवलं. तिने टेकडीकडे पाहिलं आणि वही न काढताच म्हणाली, "ऑल्डन, इकडे ये आणि गप्प बस." मास्तर आले. गप्प बसले.

नदी ओलांडणं हेच मोठं होतं. प्रवाह खेचत होता, होडीचं तोंड वर धरून तिरकं जायचं, एक वल्हं चुकलं तर घळ. कलन सगळा वेळ मोठ्याने देवाचं नाव घेत होता आणि मध्येच शिव्याही देत होता. पलीकडे पोचलो. खुरट्या झुडपांच्या मागे पायवाट होती. माणसांच्या आणि कुत्र्यांच्या पायांनी इतकी खोल झालेली की पाऊल घोट्यापर्यंत आत जातं. मी तिथेच बसून रडले.

अर्ध्या वाटेवरून खाली वळण दिसलं, मास्तर जिथे जाणार होते ते. डावा कडा सरळ पाण्यात उतरतो. उतरायला हातभर जागा नाही आणि पुढे पाणी दिसतच नाही, नुसती वाफ. मास्तरांनी ओझं खाली ठेवलं. मग म्हणाले, "चहा करू या."

तुम्ही मला फसवलंत. हे वाचून मला राग आला, आणि तो अजून आहे. माझ्याबरोबर तीन माणसं होती. पण दुकानात आठ जणांपुढे, आंजेल बसलेली असताना, तुम्ही ते बोललात. ते कोणी केलं असतं असं मला वाटत नाही. दोन्ही एकाच वेळी वाटतंय, तुम्हीच काय ते समजून घ्या.

मास्तरांना खरं सांगितलं. नकाशात नावं लिहिताना त्यांनी विचारलं, कोणाची म्हणून लिहू? मी काकूचं नाव सांगितलं.

फिलोमेन

*

वस्ती, ६ ऑगस्ट

पोरी,

परवा ड्यूगलने पत्र दिलं. उभ्याने वाचलं, मग बसलो. तुझा राग असू दे, तो तुझा आहे. कमी कर असं मी म्हणणार नाही.

इथे लोक मला आता काही विचारत नाहीत. पूर्वी नदीच्या पाण्याबद्दल विचारायला दोन पोरं यायची, काल सरळ पुढे गेली. बरं आहे. मासे चिरायला वेळ मिळतो.

एक विचारायचं आहे, आणि विचारायला दुसरं कोणी नाही. मार्सेलिनला मी एकदाच म्हटलं होतं, "फार चाललीस का गं तेव्हा?" ती म्हणाली, "थोडंसं." मी पुढे विचारलं नाही. माझ्याकडे सांगण्यासारखं माझंच काहीतरी होतं. एकोणतीस वर्षं एका घरात राहिलो आणि ते थोडंसं म्हणजे किती, हे मला माहीत नाही. तू ती वाट पाहून आलीस. सांग.

बोनिफास

*

समुद्रकाठचं ठाणं
२७ ऑगस्ट

काका,

काल पोचलो. इथल्या लोकांनी चहा दिला, आणि आम्ही चौघं त्यांच्या दाराशी बसून वेड्यासारखे हसत होतो. का, ते कोणालाच सांगता येईना. ड्यूगलच्या पहिल्या फेरीत प्रुइट पतीपत्नी आणि कलन जातायत. मी होड्यांबरोबर दुसऱ्या फेरीला, धुकं निघालं तर गुरुवारी. पत्र पुढे पाठवते, कारण तुम्ही विचारलंत त्याचं उत्तर मला तुमच्या तोंडावर सांगता येणार नाही.

झाडांपासून घळीपर्यंत आम्हाला अठरा दिवस लागले. होडीत बसून, प्रवाहाबरोबर, पायांत बूट, डब्यांत अन्न. घळीची पायवाट सात मैलांची. मी चोवीस वर्षांची आहे, ती चालताना तीन वेळा ओझं खाली टाकलं आणि पुन्हा उचलायचं नाही असं ठरवलं. घळीच्या खाली आणखी पाच दिवसांवर एका उंचवट्यावर जुन्या तंबूंच्या दगडांची वर्तुळं आहेत, अकरा. आणि त्यांच्यामागे रचलेले दगड, लांबट. मी मोजले नाहीत. दोघी तिथून निघाल्या असणार, कारण त्यापुढे तुमच्या यादीतलं एकही नाव नाही.

तिथून झाडांपर्यंत चालत, प्रवाहाविरुद्ध, तीन कुत्रे आणि एक म्हातारी. मास्तरांनी नकाशावर दोरा ठेवून मोजलं आणि आकडा मला दाखवला. मी तो लिहीत नाही, कारण त्याने तुम्हाला काही कळणार नाही. इडिथ म्हणाली, निदान सहा आठवडे. शेवटचे दिवस बर्फात.

थोडंसं नव्हतं, काका. तुम्ही घरात सगळं मोठं करून सांगायचात, म्हणून ती कमी करून सांगायची.

मी घरी आले की चहा ठेवा. मी एकोणीस नावं म्हणेन, काकूच्या क्रमाने, तिकडून इकडे. तुम्ही ऐकायचं. मध्ये बोलायचं नाही.

फिलोमेन